लॉगबुकाची स्वच्छ प्रत

आमचे बाबा, श्रीपतराव, पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांच्यातला हेडक्लार्क मात्र अजून निवृत्त व्हायला तयार नाही. विजेच्या मीटरचं रजिस्टर, गॅस सिलिंडरचं रजिस्टर, कुठल्या कलमाला कधी मोहर आला त्याचं रजिस्टर, असा सगळा कारभार आहे. माझ्या लग्नातल्या पंगतींचं रजिस्टर अजून माळ्यावर आहे. तिसऱ्या पंगतीला जिलबी कमी पडली ही नोंद त्यात लाल शाईने केलेली आहे.

मळका, खाडाखोड झालेला कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. आधी त्याची स्वच्छ प्रत काढायची, मग मूळ प्रतीवर 'रद्द' असं लिहून सही करायची आणि ती रद्दीत टाकायची. चौतीस वर्षं हेच केलं त्यांनी. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. मी ऋजुता, त्यांची थोरली मुलगी. गेल्या मे महिन्यात त्यांच्या या सवयीमुळे माझ्या धाकट्या भावाचं, उन्मेषचं, सगळं भवितव्य आंब्याच्या पेटीत गेलं होतं.

उन्मेषचं सगळं उलटं झालं. विसाव्या वर्षी त्याने व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला आणि अख्खं नाचणे गाव त्याला पायलट म्हणायला लागलं. त्याच वर्षी साथ आली, विमानं जमिनीवर बसली आणि कंपन्यांनी भरती बंद केली. पायलट घरी. "काय पायलट, विमान कधी काढताय?" असं वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी विचारून घेतलं. शेवटी एक दिवस त्याने कोणाला न सांगता तटरक्षक दलात नाविक भरतीचा अर्ज भरला आणि निवडलाही गेला. म्हणजे खिशात विमानाचा परवाना आणि हातात जहाजाचा गंज खरवडायचा ब्रश.

मला त्याचा अभिमान वाटला. बाबांना काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता. कोणी विचारलं, "उन्मेष काय करतो हल्ली?" की ते म्हणायचे, "सरकारी नोकरीत आहे." त्यापुढे प्रश्न आला की हातातलं रजिस्टर उघडायचे. नाविक हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

उन्मेष मात्र जहाजावर मजेत होता. वर्षाची रजा मिळाली की दोन दिवस घरी, आणि उरलेले सगळे दिवस फ्लाइंग स्कूलला. परवाना चालू ठेवायचा तर उडत राहावं लागतं. लोक रजेत लग्नं गाठतात, हा आकाश गाठायचा. अशी साडेचार वर्षं गेली आणि जाहिरात आली: परवाना असलेल्यांना दलात वैमानिक अधिकारी म्हणून घेणार, आणि दलातच नोकरी करणाऱ्यांना वयाची सवलत देणार. ती सवलत धरूनही उन्मेषचं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा हुकलं तर कायमचं हुकलं.

बोलावणं आलं. सोमवारी सकाळी आठ वाजता मुंबई, सोबत मूळ लॉगबुक. लॉगबुक म्हणजे वैमानिकाची वही. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ, आणि शिकत असताना शिक्षकाची सही व शिक्का. हल्ली हे संगणकावर चढवतात, पण उन्मेषचे शिकाऊ तास कागदावर होते आणि सह्या करणारे शिक्षक आता कुठल्याशा परदेशात होते. थोडक्यात, ती वही जगात एकच होती. जहाजावर ती भिजते, तिला गंजाचे डाग पडतात, म्हणून एप्रिलच्या रजेत तो ती घरी ठेवून गेला. ठेवली कुठे, तर बाबांच्या टेबलावर.

शनिवारी सकाळच्या गाडीने उन्मेष आला. मी माहेरीच होते. आईने चहा दिला, घावने दिले. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, माझी वही?"

बाबा जणू याच प्रश्नाची वाट बघत होते. आत गेले आणि खाकी कव्हर घातलेलं जाडजूड रजिस्टर दोन्ही हातांनी घेऊन आले. वर हळदकुंकू लावलेलं. उन्मेषने उघडलं. आत प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने आणि बाबांचं ते छापल्यासारखं अक्षर. पहिल्यापासूनची सगळी उड्डाणं, एकही खाडाखोड नाही.

"महिना लागला," बाबा म्हणाले. "रामआळीतल्या दुकानातून खास लेजर पेपरचं आणलं. साहेबासमोर ते डागाळलेलं पुस्तक घेऊन जाणार होतास की काय?"

"छान झालंय," उन्मेष हळू आवाजात म्हणाला. "आणि मूळ कुठे आहे?"

"ते बाद केलं."

"बाद म्हणजे?"

"म्हणजे कव्हरावर 'रद्द, स्वच्छ प्रत पाहावी' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. आतल्या पानांवर आडव्या रेघा मारणार होतो, पण लाल रिफील संपली. मग रद्दीत ठेवलं."

मी रद्दीकडे धावले. तिथे नुसता कोपरा. आई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "काल पेट्या भरल्या ना, तेव्हा भागोजीने नेलंन सगळी रद्दी."

भागोजी वीस वर्षं आमच्या बागेत आहे. तो कलमाखाली विडी ओढत बसला होता. त्याला काही लपवायचं नव्हतं. "ता जाडं बुक? ता पेटीत घातलाय मी," तो म्हणाला. "एका पेटीत आंबं हालत हुतं. बाजूक ता बुक लावलाय, एकदम फिट बसला. काय झाला?"

काय झालं ते त्याला सांगायचं कोणी? उन्मेष पायरीवर बसला. त्याचा चेहरा मी त्याच्या बारावीच्या निकालालाही एवढा पडलेला पाहिला नव्हता. मला बाबांचा इतका राग आला की मी तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर परत घेता आला नसता.

बाबांनी मात्र पेट्यांचं रजिस्टर उघडलं. "कालच्या पेट्या चार. क्रमांक एकेचाळीस ते चव्वेचाळीस. दोन चिपळूणला दर्शनाकडे, दोन पोफळीला अनिलकडे. टेम्पोने रवाना, सकाळी सव्वानऊ."

"आणि कुठल्या पेटीत माझ्या भावाचं नशीब, तो रकाना नाही का आखलात?" मी विचारलंच.

दर्शना, म्हणजे आमची मावशी. तिने फोन चालू ठेवून दोन्ही पेट्या उपसल्या. "पुस्तकबिस्तक नाही गो यात. आणि भावजींना सांग, आंबे अजून दगड आहेत."

म्हणजे पोफळी. अनिलकाका बाबांचे शाळेपासूनचे मित्र, तिथल्या वीजघरात नोकरीला. वीजघर डोंगराच्या पोटात असल्यामुळे पाळीवर असले की त्यांचा फोन लागत नाही. घरचे सगळे आधीच साताऱ्याला गेलेले. दर वर्षी शनिवारी पाळी संपली की काका आमच्या पेट्या न उघडता तशाच गाडीत टाकतात आणि साताऱ्याला व्याह्यांकडे नेतात, हे आम्हाला ठाऊक होतं. पाळी तीनला सुटणार. आत्ता साडेअकरा वाजले होते.

मी गाडी काढली. उन्मेष पुढे बसला. बाबा कोणाला न विचारता मागे बसले, मांडीवर स्वच्छ प्रत घेऊन. आईने डबा दिला आणि खिडकीतून मला म्हणाली, "त्यांना बोलू नकोस गो जास्त." मी कुठे काय बोलत होते?

संगमेश्वर मागे पडलं. मग उन्मेषच बोलला, मागे न बघता.

"बाबा, मी पायलट झालो तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटलेत. नाविक झालो तेव्हा कोणाला सांगितलंही नाहीत. मी जहाजावर काय काम करतो, कधी विचारलं नाहीत. वाटलं, आता अधिकारी झालो तर तरी सांगाल. आता तेही जातंय."

मी आरशात पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "तू गंज खरवडतोस हे ऐकलं नि मला झोप लागली नाही. वाटलं, माझी कुठे ओळख असती, मला चार लोक माहीत असते, तर पोराला हे करावं लागलं नसतं. मग लोकांना काय सांगू? तुझी लाज नव्हती रे वाटत. माझी वाटायची."

"मला सांगायचं होतं ना तसं."

"सांगता येत नाही मला. आणि या विमानातलं मला काय कळतं? म्हटलं, आपल्याला एक गोष्ट येते, अक्षर चांगलं आहे. तेवढं तरी करावं त्याच्यासाठी." त्यांनी मांडीवरच्या रजिस्टरावर हात ठेवला. "तर तेच नडलं."

मला गाडी बाजूला घेऊन रडावंसं वाटत होतं, पण मागे ट्रक होता. उन्मेषने हात मागे नेला आणि बाबांच्या गुडघ्यावर ठेवला. असे आम्ही चिपळूणपर्यंत गेलो. तिथे पुलावर गाड्यांच्या रांगेत पंचवीस मिनिटं अडकलो आणि माझा राग पुन्हा पहिल्या जागेवर आला.

पोफळीच्या वसाहतीत पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. अनिलकाकांच्या गाडीची डिकी उघडी होती आणि काका एक पेटी उचलून आत ठेवत होते. आम्हाला तिघांना बघून पेटी हातातच राहिली.

"अरे, आंबे परत न्यायला आलात की काय?"

पेटीची झाकणपट्टी उन्मेषने हातानेच उचकटली. गवत, आंबे, गवत. काही नाही. दुसरी पेटी डिकीत होती. तीही उघडली. त्यातही काही नाही. आंब्यांची एक बाजू मात्र ढिली पडलेली, मधे बोटभर जागा रिकामी.

"यात पुस्तक होतं?" उन्मेषने गवत उपसत विचारलं.

"ते होय!" काका म्हणाले. "सकाळी पेटी उचलली तर कुशीतून एक लाल कोपरा बाहेर आलेला. ओढून बघतो तर कव्हरावर श्रीपतच्या अक्षरात 'रद्द'. म्हटलं, या माणसाने सहीनिशी रद्द केलंय म्हणजे कागद महत्त्वाचा असणार. टीव्हीवर ठेवलंय."

मी काकांना तिथेच, वसाहतीच्या रस्त्यावर, वाकून नमस्कार केला. कशासाठी ते त्यांना चहा होईपर्यंत कळलं नाही.

वही सुखरूप होती. मागच्या कव्हरावर आंब्याच्या चिकाचा एक तपकिरी ओघळ आला होता, एवढंच. उन्मेषने एकेक पान उलटून सह्या, शिक्के बघितले. मग काकांनी चहा टाकला, आईचा डबा उघडला आणि आम्ही चौघं माणसांत आलो.

आता बाबांना स्वस्थ बसवेना. ते चष्मा लावून म्हणाले, "आलोच आहोत तर दोन्ही प्रती ताडून घे. तेविसाव्या पानाची टीप वाचलीस ना?"

"कुठली टीप?"

"मी खाली लिहिली आहे. तू स्वच्छ प्रत नीट उघडलीसच कुठे?"

उन्मेषने रजिस्टर उघडलं. तेविसाव्या पानाच्या तळाशी लहान अक्षरात लिहिलं होतं: 'मूळ प्रतीत या पानावर एक तास दहा मिनिटांचे एक उड्डाण बेरजेत दोनदा धरले आहे. पुढील सर्व बेरजा त्याप्रमाणे चुकीच्या. खरी एकूण वेळ २३० तास ३० मिनिटे.'

उन्मेषने मूळ वही घेतली आणि बोटांवर हिशेब केला. दुसऱ्यांदा केला. मग कपाळाला हात लावला. त्याने अर्जात २३१ तास ४० मिनिटं लिहिली होती आणि खाली सहीही केली होती, की सर्व माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास निवड रद्द.

"एक तास तर आहे," मी म्हणाले. "हवे होते दोनशे, याचे त्याहून तीस जास्त. कोण बघतंय?"

"मी बघितला ना," बाबा म्हणाले.

"तुमच्यासारखं कोणी नसतं हो सगळीकडे!"

"प्रत्येक कचेरीत एक असतो," बाबा शांतपणे म्हणाले.

उन्मेषने दोन्ही वह्या समोर ओढल्या. चूक स्वतःहून सांगायची, तर अर्ज आणि वही जुळत नाही म्हणून दारातूनच परत पाठवतील अशी भीती. न सांगावी, तर कोणी पकडलं तर गणवेशातला माणूस खोटं लिहितो असा अर्थ. बरं, वहीत गुपचूप खाडाखोड करावी, तर तेही खोटंच. "बाबा, काय करू?" त्याने विचारलं. त्याने बाबांना सल्ला विचारलेला मी पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

बाबा ताठ बसले. "मूळ प्रतीला हात लावायचा नाही. हे मी सांगतोय, मी," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. "एक दुरुस्तीपत्र द्यायचं. चूक कुठे झाली, किती झाली, कधी लक्षात आली. सबबी सांगायच्या नाहीत. आणि त्यांनी विचारायच्या आधी द्यायचं. विचारल्यावर दिलं की तो खुलासा होतो, आधी दिलं की ती दुरुस्ती असते."

काकांच्या जेवणाच्या टेबलावर बाबांनी मराठीत सांगितलं, मी त्याचं इंग्रजी केलं आणि उन्मेषने लिहिलं. 'सविनय सादर' याचं इंग्रजी काय यावर दहा मिनिटं गेली. निघताना काकांनी एका पेटीतले दोन डझन आंबे आम्हालाच परत बांधून दिले.

सोमवारी दुपारी दोन वाजता उन्मेषचा फोन आला. मी स्पीकर लावला. आई, बाबा, आणि उगाच पाण्याचा पाइप घेऊन खिडकीशी उभा असलेला भागोजी, असे सगळे ऐकत होते.

"बाबा, तुमचं खरं होतं. तिथे एक होते. चष्मा नाकावर, लाल पेन, प्रत्येक पानाची बेरीज करत होते. माझ्या पुढच्या दोघांना बेरजा जुळत नाहीत म्हणून बाजूला बसवलं."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मी वहीच्या आधी पत्र दिलं. त्यांनी वाचलं, तेविसावं पान उघडलं, बेरीज केली, मान डोलावली. मग कव्हर बघितलं आणि म्हणाले, हे रद्द कोणी केलं? म्हटलं, वडिलांनी. म्हणाले, का? मग मी तुमची स्वच्छ प्रत दाखवली. त्यांनी ती पाच मिनिटं बघितली, बाबा. शेजारच्यांना बोलावून दाखवली. शेवटी विचारलं, वडील काय करतात? म्हटलं, रिटायर्ड हेडक्लार्क. तर म्हणाले, ते दिसतंयच, आणि माझी कागदपत्रं पुढे सरकवली."

"पुढे काय झाला ता सांगा ना!" भागोजी खिडकीतून ओरडला.

"मुलाखतीत मोठे साहेब म्हणाले, विमान उडवणारे पुष्कळ येतात. तू समुद्रावरून काय शिकलास ते सांग. मी म्हटलं, सर, बोट बुडत असताना खालून वर बघणाऱ्याला विमान कसं दिसतं ते मला माहिती आहे. आम्ही नऊ माणसं एकदा तशी पाण्यात मदतीची वाट बघत होतो. वर विमानाने घिरटी घातली तेव्हा मोठमोठी माणसं रडली. त्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही."

आईने डोळ्याला पदर लावला. बाबा उठून मागच्या पडवीत गेले ते बराच वेळ आले नाहीत. ती नऊ माणसांची गोष्ट आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. कोणी विचारलीच नव्हती.

पुढच्या फेऱ्या झाल्या, डॉक्टरी तपासण्या झाल्या, आणि नावांच्या यादीत उन्मेषचं नाव लागलं. तो प्रशिक्षणाला गेला. वाण्याने मला विचारलं, "काय, पायलटने काढलंन म्हणे विमान?" मी दुप्पट आवाजात हो म्हणाले.

गेल्या महिन्यात त्याने गणवेशात पहिलं उड्डाण केलं, पंचेचाळीस मिनिटांचं. संध्याकाळी बाबांच्या फोनवर एका नव्या लॉगबुकच्या पहिल्या पानाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'बाबा, बेरीज बघून ठेवा. मूळ प्रत मात्र माझ्याकडेच राहील.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबा रामआळीत जाऊन नवीन रजिस्टर घेऊन आले. खाकी कव्हर घातलं, रकाने आखले आणि लिहायला बसले. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: 'मागील पानावरून पुढे. हवेत: २३० तास ३० मिनिटे.'

त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: 'समुद्रावर: ५ वर्षे ३ महिने, नाविक.' मग पट्टी घेतली आणि 'नाविक' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

"हे कशाला, बाबा?" मी विचारलं. "लॉगबुकात हे नसतं."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "आधीच्या प्रतीत ही नोंद राहून गेली होती," ते म्हणाले. "चूक माझी होती."